नीळकंठाच्या कोलांट्या

दसऱ्याला नीळकंठ दिसला तर शुभ, असे विदर्भात पुष्कळ लोक मानतात. पण या पक्ष्याची खरी ओळख करून घ्यायची असेल तर फाल्गुन-चैत्रात बाहेर पडा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरसारख्या गावाच्या शिवारात तेव्हा धानाच्या पुष्कळशा बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, धुऱ्यांवरचे पळस फुललेले असतात आणि विजेच्या तारेवर कबुतराहून थोडा लहान, मोठ्या डोक्याचा, मातकट पक्षी स्वस्थ बसलेला आढळतो. तोच नीळकंठ ऊर्फ चास. गंमत अशी, की त्याचा कंठ निळा नसतोच. तो तपकिरी असून त्यावर पांढुरक्या रेघा असतात. निळाई असते ती माथ्यावर, पंखांत आणि शेपटीत. पंख उघडल्याशिवाय ती पुरती दिसत नाही.

एरवी हा पक्षी मोठा आळशी वाटतो. तारेवरून झेपावून नाकतोडा पकडायचा आणि पुन्हा तारेवर येऊन बसायचे, एवढाच त्याचा उद्योग. मार्चच्या सुमारास मात्र त्याच्या अंगात वारे शिरते. कर्कश ओरडत तो उंच चढतो आणि एकदम खाली सूर मारतो. येताना कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर कलतो, आणि पंखांतील गडद व फिकट निळे पट्टे उन्हात झळकतात. इंग्रजीत या कुळातील पक्ष्यांना ‘रोलर’, म्हणजे लोळणारे, म्हणतात ते या कसरतीमुळेच.

हे कशासाठी? जोडीदाराला बळ दाखवायचे असते आणि शेजारच्या नीळकंठाला आपली हद्द बजावायची असते. लपून राहण्याऐवजी पक्षी स्वतःच ओरडून आपला ठावठिकाणा सांगतो. म्हणून पक्षी शोधायला हा काळ उत्तम. तरीही आधी गावातल्या गुराख्याला विचारा. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यात होते, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. पाखरांविषयी ते तेथील माणसांकडूनही पुष्कळ शिकले.

आता छायाचित्राकडे वळू. नीळकंठाचा निळा रंग शाईसारखा रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या तंतूंत केराटिन या प्रथिनाची स्पंजासारखी जाळी असते व तिच्यात हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या रचनेमुळे निळा प्रकाशच अधिक प्रमाणात परत फिरतो. परत फिरतो, हे लक्षात ठेवा! सूर्य आपल्या पाठीशी असेल तरच तो कॅमेऱ्यात येईल. उन्हाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात हेच पंख काळपट उमटतात.

दुसरा प्रश्न वेगाचा. पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने येतो आहे असे धरा. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो १० सेंटिमीटर सरकतो आणि चित्र पुसट येते. १/२००० सेकंदात तो अवघा ५ मिलिमीटर सरकतो. त्याच्यामागे धावू नका. तो बहुधा त्याच त्या तारेवर परततो, तेव्हा एखाद्या झाडाआड बसून वाट पाहा. पहिले दोन दिवस नुसती वही न्यावी, असे माझे मत आहे. सूर किती वाजता मारला, कोठून उडाला, कोठे उतरला, एवढे टिपले तरी तिसऱ्या दिवशी काम सोपे होते.

काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. नराला वाटते, प्रतिस्पर्धी आला. घरट्याची जागा शोधायची सोडून तो नसलेल्या शत्रूशी झुंजत राहतो. याहून वाईट म्हणजे ढोलीत डोकावणे. नीळकंठ जुन्या झाडाच्या पोकळीत ३ ते ५ पांढरी अंडी घालतो. आपण बुंध्याशी उभे असेपर्यंत आईबाप आत जात नाहीत, आणि आपण काय पाहतो आहोत हे कावळाही पाहत असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणेही येते. त्यासाठी बंदूक लागत नाही.

तेव्हा जोडी एखाद्या ढोलीत ये-जा करू लागली, की ते झाड वहीत नोंदवा आणि कॅमेरा घेऊन पुढच्या तारेकडे चला.