क्लासमधलं पदम आणि बारीतली लावणी

हिंजवडीत बसून नाचाबद्दल बोलायचं, तर सुरुवात सोसायटीच्या नोटीस बोर्डापासूनच करावी लागते. संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये भरतनाट्यम किंवा कथक, सकाळी झुंबा, शनिवार-रविवार बॉलीवूड. आम्हीही असाच एक क्लास घेतो. एका वर्षी गणपतीत आमच्या मोठ्या मुलींनी लावणी बसवायची ठरवली आणि एका पालकांचा निरोप आला, ‘‘त्यापेक्षा भरतनाट्यम करा ना, घरंदाज दिसतं.’’ त्या बाईंना आम्ही दोष देत नाही. ही उतरंड आपल्या सगळ्यांच्याच मनात आहे. ती आली कुठून, ते आज बघू.

भरतनाट्यम आज ज्या क्रमानं शिकवतात, म्हणजे अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो क्रम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोन्नैया, चिन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी लावून दिला असं मानतात. हे भाऊ तंजावरच्या दरबारात होते, आणि तिथे गादीवर कोण? दुसरे सरफोजीराजे भोसले, १७९८ ते १८३२. या राजांच्या नावावर नाचासाठीच्या मराठी रचनासुद्धा आहेत. म्हणजे मद्रासचं म्हणून जे आपण लांबून बघतो, त्याच्या घडणीत एक मराठी दरबार आहे.

आता त्याच काळात पुण्यात या. शनिवारवाड्यात दुसरे बाजीराव आहेत. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर हे शाहीर लावण्या रचतायत. दोन्हीकडे राजाश्रय, दोन्हीकडे शृंगार, आणि दोन्हीकडे नाचणाऱ्या बायका पिढीजात कलावंत घराण्यांतल्या. सुरुवातीला आजच्यासारखी उतरंड लावता येईल असं फारसं काही दिसत नाही.

तंत्र बघितलं तर साम्य आणखी जाणवतं. आपण लावणी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती फडावरची, ढोलकीच्या कडकडाटातली. पण बैठकीची लावणी वेगळी. तिथे बाई बसलेली असते, स्वतः गाते, आणि एकच ओळ पुन्हापुन्हा घेते. समजा ओळीचा अर्थ एवढाच आहे, की ‘येतो म्हणालात आणि आला नाहीत.’ पहिल्यांदा ती दाराकडे बघेल. दुसऱ्यांदा बांगडी चाचपेल. तिसऱ्यांदा हसेल, कारण तिला ठाऊक आहे तो कुठे अडकलाय. चौथ्यांदा समोर बसलेल्यालाच ती ओळ ऐकवेल, की तो बिचारा गोरामोरा व्हावा. शब्द तेच, अर्थ चार. याला अदा म्हणतात. आणि पदममध्ये काय होतं? हेच. एक ओळ घ्यायची आणि तिच्यात एकामागून एक संचारी भाव भरायचे. आमच्या मुली तीन-चार वर्षं हेच शिकतात. फक्त तिथे त्याला अभिनय म्हणतात, म्हणून फी भरताना कुणी कचरत नाही. (हसतो आपण, पण खरं आहे.)

मग फरक पडला कुठे? दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवदासींच्या नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. १९३०च्या दशकात त्याच नाचाला, ज्याला सदिर म्हणत, भरतनाट्यम हे नाव रूढ झालं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली कलाक्षेत्र काढलं आणि ब्राह्मण घरांतल्या मुली शिकू लागल्या. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी प्रथेवर कायद्यानं बंदी आली. नाच घरंदाज झाला. ज्यांचा तो होता त्या घरांतल्या बहुतेक जणी मागे राहिल्या. त्याच परंपरेतल्या बालसरस्वती ठामपणे म्हणत राहिल्या, की शृंगार काही धुऊन काढण्याची गोष्ट नाही.

लावणीच्या वाट्याला क्लासच आला नाही. इथेही स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, मग समिती नेमून, सुधारणा सांगून ती उठवली. पण नाच राहिला त्यांच्याचकडे: कोल्हाटी, महार, मांग घरांतल्या बायकांकडे, संगीतबारीत आणि ढोलकी-फडात. हे चांगलं की वाईट? आमच्या मते दोन्ही. कला त्यांच्या हातातून गेली नाही, आणि बदनामीही त्यांच्याच वाट्याला राहिली. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीतल्या फार मोठ्या गायिका. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वय नव्वदीच्या पुढे गेल्यावर. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले.

आणि हे सगळं फार लांब नाही बरं का. चैत्रात हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड निघतं ते इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. गावोगावच्या अशा यात्रा म्हणजे तमाशाचा हंगाम. त्याच सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी जाऊन सुपारी देतात. संगीतबारी बघायची तर सोलापूर रस्त्याला चौफुला आहे.

आमच्या मुलींचं काय झालं, ते राहिलंच. त्या बसूनच नाचल्या. रिमिक्स नाही, उड्या नाहीत. मागच्या रांगेतून ‘उठा की!’ अशी ओरड झाली. निरोप पाठवणाऱ्या त्या बाई पुढेच बसल्या होत्या. नंतर येऊन म्हणाल्या, ‘‘हे तर आमच्या मुलीच्या पदमसारखंच आहे.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण वार्षिक कार्यक्रमात नको.’’

वेळ झाली आहे, एक प्रश्न घेऊ. ताई विचारतायत, चौफुल्याला बायकांनी गेलं तर चालतं का? जाता येतं, पण आधी फोन करून विचारा आणि चार-पाच जणी मिळून जा. जमत नसेल तर नाट्यगृहात लावणीचे खास महिलांसाठी प्रयोग होतात, तिथून सुरुवात करा. आणि तिथे एखादी बसून गायला लागली, तर तिला उठायला सांगू नका.