वाढदिवसाची परतभेट : वाण, आहेर आणि व्यवहार

सारांश : मुलांच्या वाढदिवसाला येणाऱ्या बालपाहुण्यांना निघताना 'रिटर्न गिफ्ट' देण्याची प्रथा शहरी व निमशहरी महाराष्ट्रात आता रूढ झाली आहे. ही प्रथा आपल्या परंपरेतील वाणाची वारस आहे की आहेराची, तिचा मुलांच्या मनावर कोणता संस्कार होतो आणि पालकांनी तिच्याबाबत कोणती भूमिका घ्यावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : परतभेट, वाण, आहेर, परस्परता, बालसंस्कार.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेच्या घरी मुलीचा आठवा वाढदिवस होता. निरोपाच्या वेळी दाराशी पिशव्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक पिशवीत एक कंपासपेटी, एक खोडरबर आणि दोन चॉकलेटे होती. मुले रांगेने येत होती, पिशवी घेऊन जात होती. शेजारच्या चाळीतील एक मुलगी मात्र पुढे येईना. तिला पिशवी दिली तेव्हा तिने हात मागे घेतले आणि म्हणाली, "काकू, मी काहीच आणलं नाही. मग मला कशाला?" बरेच समजावले, तरी तिने पिशवी घेतली नाही. सर्व मुले गेल्यावर टेबलावर एक पिशवी उरली.

त्या मुलीचे काही चुकले होते असे म्हणता येणार नाही. आम्ही मोठ्यांनी जे बोलून दाखवले नव्हते, ते तिने अचूक ओळखले होते. दाराशी ठेवलेली ती पिशवी तिला भेट वाटली नाही, आणलेल्या वस्तूची पोच वाटली. परतभेट द्यावी की देऊ नये, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार येथून सुरू करावा लागतो.

२. परतभेटीची पूर्वपीठिका

इंग्रजी बोलणाऱ्या अनेक देशांत वाढदिवसाच्या मेजवानीनंतर मुलांच्या हाती छोटी पिशवी देतात. ब्रिटनमध्ये तिला 'पार्टी बॅग' म्हणतात आणि कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा हा तिचा ठरलेला भाग असतो. आपल्याकडील 'रिटर्न गिफ्ट' हा शब्द इंग्रजी असला, तरी ही प्रथा सर्वस्वी परकी मानणे योग्य ठरणार नाही. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, हा संकेत मराठी घरात पूर्वापार आहे.

या संदर्भात तीन प्रथा विचारात घेता येतील. पहिली प्रथा वाणाची. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात यजमानीण येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला वाण देते, म्हणजेच वाण 'लुटते'. येणारी स्त्री सोबत काही आणत नाही, तशी अपेक्षाही नसते. दुसरी प्रथा बोरनहाणाची. याच काळात लहान मुलाला काळे कपडे व हलव्याचे दागिने घालून त्याच्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओतले जातात आणि जमलेली मुले ते वेचून नेतात. तेथे कोणी काय आणले याचा हिशेब नसतो. ज्याच्या मुठीत जे मावेल ते त्याचे.

तिसरी प्रथा आहेराची. लग्नामुंजीत आलेला आहेर वहीत नावानिशी लिहिला जातो आणि त्या घरी कार्य निघाले की त्या नोंदीनुसार परत केला जातो. येथे परतफेड अपेक्षित असते, मात्र ती ताबडतोब होत नाही. कधी दोन वर्षांनी, कधी पुढच्या पिढीत होते. शेजारणीचा डबा रिकामा परत न करता त्यात चिमूटभर साखर घालून पाठवण्याची रीतही याच जातकुळीची आहे.

आजच्या परतभेटीत या दोन प्रवाहांची सरमिसळ झाली आहे. बालपाहुणा आहेराप्रमाणे भेट घेऊन येतो आणि यजमान वाणाप्रमाणे निघताना वस्तू देतो. वाण आणि आहेर स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दाराशी, दोन तासांच्या अंतराने घडू लागले, की त्यांतून तिसरीच गोष्ट तयार होते. तिला व्यवहार म्हणतात.

३. देणे, घेणे आणि मधला काळ

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ मध्ये बक्षिसाची व्याख्या आहे. स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय केलेले व समोरच्याने स्वीकारलेले हस्तांतरण म्हणजे बक्षीस. कायद्याच्या दृष्टीने मोबदला आला की बक्षीसपण संपते. समाजशास्त्राने मात्र याहून गुंतागुंतीचे चित्र मांडले आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटीविषयीच्या निबंधात असे दाखवले, की वरवर ऐच्छिक दिसणाऱ्या भेटीमागे तीन बंधने असतात : देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे. त्यापूर्वी १९२२ मध्ये ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवरील 'कुला' विनिमयाचे वर्णन केले होते. त्यात शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि कंकणे उलट दिशेने बेटाबेटांतून फिरतात. मिळालेली वस्तू कोणी कायमची ठेवत नाही. तिच्यामुळे टिकतो तो देणाऱ्या-घेणाऱ्यांमधील संबंध.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त मुद्दा पिएर बोर्द्यू यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. त्यांच्या मते भेट आणि परतभेट यांमधील काळाचे अंतर हा भेटीचा प्राण आहे. मिळालेल्या भेटीची तत्काळ परतफेड करणे म्हणजे ती एका अर्थी नाकारणेच होय. त्यातून 'मला तुमचे ऋण नको' असे सुचवले जाते. उलट मधला काळ जाऊ दिला, की ऋण शिल्लक राहते आणि ऋणाबरोबर जाण्यायेण्याचे निमित्तही शिल्लक राहते.

आहेराची वही हे मधले अंतर सांभाळते. दाराशी दिलेली पिशवी ते पुसून टाकते. पाहुणे बाहेर पडतात तेव्हा हिशेब मिटलेला असतो. ज्याने काही आणलेच नाही, त्याच्यापुढे मात्र न मिटणारा हिशेब उभा राहतो. त्या मुलीने हात मागे घेतले ते यामुळे.

४. मुलाच्या मनाच्या बाजूने

मुलांना देण्याघेण्याचा अर्थ मोठ्यांच्या उपदेशातून जितका कळतो, त्याहून अधिक तो घटनांच्या क्रमातून कळतो. या बाबतीत दोन प्रयोग उद्बोधक आहेत. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रकलेची आवड असणारी बालवाडीतील मुले घेतली होती. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे आपणहून चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली. ज्यांना तेच बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यात मात्र अशी घट दिसली नाही. वॉर्नेकेन व टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. मदतीबद्दल वस्तुरूप बक्षीस मिळालेली मुले नंतर मदत करण्यास तुलनेने कमी प्रवृत्त झाली. केवळ कौतुक झालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या मुलांत तसे झाले नाही.

हे प्रयोग वाढदिवसांवर केलेले नाहीत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष परतभेटीला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. तरीही त्यांतून एक विवेक मिळतो. वस्तू देणे बाधक नाही, तिची आधीपासून बांधलेली अपेक्षा बाधक आहे. 'तुझ्या वाढदिवसाला काय रिटर्न गिफ्ट आहे?' असे मूल आमंत्रण घेतानाच विचारू लागले, की मित्राच्या आनंदात सामील होणे हे त्याच्या लेखी एक काम झालेले असते आणि पिशवी ही त्याची मजुरी.

५. खर्च, सुरक्षितता आणि कचरा

केवळ हिशेबासाठी तीस मुलांचा एक वर्ग घेऊ. प्रत्येकाने उरलेल्या एकोणतीस जणांना बोलावले, तर वर्षभरात ३० × २९ = ८७० परतभेटी वाटल्या जातील. प्रत्येक परतभेट शंभर रुपयांची धरल्यास ही रक्कम ८७,००० रुपये होते. प्रत्येक कुटुंब २,९०० रुपये खर्च करते आणि तितक्याच किमतीच्या, दुसऱ्यांनी निवडलेल्या वस्तू घरी आणते. एकूण शिल्लक शून्य. परंतु ज्या कुटुंबाला हा खर्च झेपत नाही, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. कर्ज काढून बरोबरी करणे किंवा मुलाला घरी ठेवणे. दुसरी वाट अधिक जण धरतात आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण न आलेल्या मुलाची चौकशी क्वचितच होते.

पिशवीतील वस्तूंचाही विचार आवश्यक आहे. भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू असून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. घाऊक बाजारातून डझनाने आणलेल्या खेळण्यांवर हे चिन्ह पाहून घेणे पालकांचे कर्तव्य ठरते. तीन वर्षांखालील भावंडे घरात असतील, तर सुटे बारीक भाग आणि फुगे घशात अडकण्याचा धोका असतो. चमकणाऱ्या खेळण्यांतील बटणाच्या आकाराची बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या व गोळ्यांच्या प्लॅस्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरील प्लॅस्टिक आवरण यांवर बंदी आहे. वाढदिवसाचे जुने सामान म्हणजे जवळजवळ ही यादीच होय.

६. परतभेटीची बाजू

या प्रथेच्या बाजूने काही बोलता येत नाही असे नाही. वाढदिवसाच्या दिवशी सर्व वस्तू एकाच मुलाकडे येतात आणि बाकीची मुले पाहत राहतात. त्यांच्या हाती काही द्यावेसे वाटणे हे सहृदयतेचे लक्षण आहे. शिवाय ज्याचा वाढदिवस आहे त्याला घेण्याबरोबर देण्याचाही अनुभव मिळतो. लहान मुलांना समारंभ संपल्याची खूण हवी असते आणि पिशवी ती खूण पुरवते. ही तिन्ही कारणे ग्राह्य आहेत. त्यांतील एकाही कारणासाठी भेट आणि परतभेट यांची सांगड घालण्याची गरज नसते, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे.

या प्रश्नाकडे केवळ पालकांचा प्रश्न म्हणून पाहणेही बरोबर नाही. चर्चासत्राच्या नोंदणीशुल्काबरोबर पिशवी, वही व पेन यांची अपेक्षा आपण प्राध्यापकही बाळगतोच. 'किट कसे होते?' हा प्रश्न 'निबंध कसे होते?' या प्रश्नाच्या आधी विचारला जातो, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मुले हे आपल्याकडूनच शिकतात.

७. काय करावे

वरील विवेचनावरून परतभेट सरसकट बंद करावी असे प्रस्तुत लेखिकेचे मत नाही. तिला आहेराकडून वाणाकडे परत न्यावे, असे मत आहे. त्यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

(अ) लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असे लिहितात, तसे वाढदिवसाच्या आमंत्रणातही स्पष्ट सांगावे. भेट नसली की परतफेडीचा प्रश्नच उरत नाही.

(आ) खाऊ जरूर द्यावा, पण तो सर्वांना सारखा, साधा आणि आधी जाहीर न केलेला असावा. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, एखादे छोटे गोष्टीचे पुस्तक, कागदात बांधलेल्या बिया असे काहीही चालेल.

(इ) तो दाराशी रांगेत न देता खेळ चालू असताना, मुलाच्या स्वतःच्या हातून द्यावा. जाण्याच्या क्षणी दिलेली वस्तू पावती ठरते, मध्येच दिलेली वस्तू वाटणी ठरते.

(ई) भेटी आल्याच, तर त्या सर्वांसमोर उघडू नयेत. दोन-चार दिवसांनी मुलाने आपल्या अक्षरात आभाराच्या दोन ओळी लिहून द्याव्यात. बोर्द्यू ज्याला महत्त्व देतात तो मधला काळ एवढ्यानेही राखला जातो.

(उ) एका वर्गातील पालकांनी मिळून मर्यादा ठरवावी. एकट्याने प्रथा मोडणाऱ्याच्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते, सर्वांनी मोडल्यास ती कोणालाच मोजावी लागत नाही.

८. समारोप

येणाऱ्याला द्यावे, आणणाऱ्याला नव्हे, हे वाणाचे तत्त्व आहे. ते पाळले जात असेल तर पिशवी द्यावी. पाळले जाणार नसेल तर न देणेच बरे.

पुढच्या वर्षी आमच्या आमंत्रणात भेट आणू नये असे आम्ही लिहिले आणि मुलीने सर्वांना खेळता खेळता चिक्की वाटली. तोपर्यंत ती चाळीतील मुलगी घर बदलून दुसरीकडे गेली होती. तिच्यासाठी ठेवलेली पिशवी कितीतरी दिवस कपाटात होती. आपल्या घरी येणाऱ्या मुलांपैकी कोण हात मागे घेते आणि कोण मुळातच येत नाही, याकडे पालकांनी व शिक्षकांनी लक्ष ठेवले, तर या प्रश्नाचे उत्तर शोधणे फारसे अवघड नाही.