खोक्यावरचा आकडा, खेळातला वेग

ऑक्टोबर २००४. अमेरिकेत ऑरलँडोला भरलेल्या एका तंत्रज्ञान परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट भरसभेत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी हसत हसत माफी मागितली. अपराध काय? चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत कंपनीने रद्द केला होता. ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत मजल गेली, पण पुढे चिप इतकी तापू लागली की ती वाटच सोडून द्यावी लागली.

गेमिंग पीसी अपग्रेड करायला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकावी अशी आहे. तोवर हिशेब सोपा होता. खोक्यावरचा आकडा मोठा, म्हणजे मशीन वेगवान. त्यानंतर खोक्यावरचे आकडे अर्धीच गोष्ट सांगू लागले. उरलेली अर्धी आपण शोधायची, आणि त्या शोधात गेम खेळण्याइतकीच मजा आहे.

२००७ साली ‘क्रायसिस’ आला आणि नवं मशीन दिसलं की ‘यावर क्रायसिस चालेल का?’ असं विचारायची जगभर पद्धतच पडली. प्रोसेसरचा एकेक कोअर पूर्वीसारखाच वेगवान होत जाईल, या अंदाजावर तो गेम बेतला होता. प्रत्यक्षात कोअरची संख्या वाढत गेली, एका कोअरचा वेग त्या मानाने नाही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं नवेकोरे प्रोसेसरही त्याच्यापुढे धापा टाकत राहिले.

गिगाहर्ट्झ कमी, एफपीएस जास्त

एप्रिल २०२२मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स-थ्रीडी बाजारात आणला. त्याचा थोरला भाऊ ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, हा ४.५पर्यंतच. तरीही बहुतेक गेममध्ये धाकटाच पुढे! कारण चिपच्या माथ्यावर कॅशे मेमरीचा आणखी एक थर चढवलेला आहे. ३२ एमबीची कॅशे थेट ९६ एमबी झाली. गेम चालू असताना प्रोसेसरचा बराचसा वेळ रॅममधून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. हवी ती माहिती शेजारीच सापडली, की ती वाट बघणं संपतं. व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामांत मात्र या जादा कॅशेचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून ‘कोणता प्रोसेसर चांगला?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा उलट प्रश्न हवाच.

नोव्हेंबर २०२४च्या ९८००एक्स-थ्रीडीमध्ये आणखी एक करामत आहे. कॅशेचा थर वरून काढून कोअरच्या खाली घातला. त्यामुळे कोअरची उष्णता आडकाठीशिवाय कूलरपर्यंत पोहोचते आणि वेगही वाढवता येतो.

मला याहून लोभस वाटते ती एएम४ सॉकेटची गोष्ट. २०१७ साली पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कितीतरी मदरबोर्डांवर, फक्त बायोस अपडेट करून, २०२२चा ५८००एक्स-थ्रीडी बसतो. पाच वर्षांनी नवा जीव! इंटेलच्या गोटात २०१७ साली उलटं घडलं. आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या एलजीए ११५१ सॉकेटमध्ये नीट बसायचा, पण जुन्या मदरबोर्डवर चालायचा नाही. सॉकेटचं नाव जुळलं म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही, तेव्हा बोर्डाच्या कंपनीची सपोर्ट यादी उघडून बघायचीच.

बायोसवरून आठवलं. २०१८मध्ये अनेकांची पंचाईत झाली होती. नवा प्रोसेसर चालायला बायोस अपडेट हवा, आणि अपडेट करायला चालणारा प्रोसेसर हवा. तेव्हा एएमडी अशा ग्राहकांना एक साधा प्रोसेसर चक्क उसना पाठवायची. बोर्ड अपडेट करा आणि परत करा! आता बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर न बसवताच पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायची सोय असते. अपग्रेडच्या वाटेवर असलेल्याने बोर्ड निवडताना ती जरूर पाहावी.

एक पैसाही न लागणारी चाचणी

दुकानात जाण्याआधी हे करा. तुमचा नेहमीचा गेम सुरू करून एफपीएस बघा. मग रिझोल्यूशन एकदम खाली आणा, १०८०पीवरून ७२०पी. एफपीएस उसळले, तर अडतंय ग्राफिक्स कार्ड. जिथल्या तिथेच राहिले, तर अडतोय प्रोसेसर. रिझोल्यूशनचा भार मुख्यतः कार्डावर पडतो. शत्रूच्या हालचाली, गर्दी, भौतिकशास्त्राची गणितं ही प्रोसेसरची कामं, आणि ती रिझोल्यूशन घटवल्याने कमी होत नाहीत. जो भाग अडतोय त्यावरच पैसे घालायचे. दुसऱ्या भागावर कितीही ओतले, तरी पडद्यावर फरक दिसत नाही.

फोरकेचं आकर्षण असेल, तर हाही हिशेब बघा. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोरके पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. बरोबर चौपट. म्हणजे नुसता मॉनिटर बदलला तरी कार्डावरचं काम कित्येक पटींनी वाढतं.

नाव तेच, आतला माल निराळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, कार्ड घ्यायला गेलं की पहिला प्रश्न हमखास ‘किती जीबीचं?’ हाच असतो. प्रश्न योग्यच आहे, फक्त तो पुरेसा नाही.

जीटीएक्स १०६० हे कार्ड २०१६मध्ये ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आलं. वाटतं की फरक मेमरीचाच. पण ६ जीबीच्या कार्डात १,२८० कोअर होते, ३ जीबीच्या कार्डात १,१५२. नाव एक, चिपची ताकद वेगळी. त्याआधीच्या जीटीएक्स ९७०वर ४ जीबी लिहिलेलं असायचं. २०१५च्या जानेवारीत उघड झालं, की त्यातली साडेतीन जीबीच पूर्ण वेगाने चालते, उरलेली अर्धी रेंगाळते. अमेरिकेत खटला झाला आणि तडजोडीत ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर मिळाले. २०२२मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० अशीच १२ आणि १६ जीबींत जाहीर केली होती. दोन्हींच्या चिपा वेगळ्या, म्हणून गेमर खवळले. महिन्याभरातच १२ जीबीची आवृत्ती मागे घेतली गेली आणि जानेवारी २०२३मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने आलं. ग्राहकांनी ओरडून कार्डाचं नाव बदलायला लावलं, याचा मला आजही आनंद वाटतो.

लॅपटॉपमधली ४०९० तर डेस्कटॉपच्या ४०८०मधल्या चिपवर बनली आहे. मेमरीही १६ जीबी. डेस्कटॉपच्या ४०९०वर २४.

जुन्या पीसीच्या मालकाने आणखी एक गोष्ट बघावी. कार्डाचा पट्टा स्लॉटभर लांब दिसला, तरी आतल्या लेन कमी असू शकतात. २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटीला सोळापैकी चारच लेन आहेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते खपून जातं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरून गेली की गेम अडखळायला लागतो. स्वस्त कार्डं जुन्या मशीनसाठीच घेतली जातात, आणि इथे नेमकं त्यांनाच जास्त नुकसान!

मग किती जीबी हवी? २०२०पासून प्लेस्टेशन ५मध्ये १६ जीबी सामायिक मेमरी आणि आठ कोअरचा प्रोसेसर आहे. मोठे गेम त्याच मापाने बेतले जातात. त्यामुळे टेक्स्चर चढे ठेवले की ८ जीबीचं कार्ड आता अनेक गेममध्ये कमी पडतं. सरासरी एफपीएस छान दिसतो, पण मध्येच झटका बसतो. आरटीएक्स ४०६० टीआय किंवा ५०६० टीआय घ्यायची असेल, तर मी १६ जीबीचीच घ्या म्हणेन.

शिसपेन्सिलीने पळवलेले प्रोसेसर

१९९८चा सेलेरॉन ३००ए होता ३०० मेगाहर्ट्झचा. बोर्डावरच्या बसचा वेग ६६वरून १०० केला, की बरेचसे सेलेरॉन ४५० मेगाहर्ट्झवर निमूट चालायचे. स्वस्तातल्या चिपमध्ये दीडपट वेग! २०००च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉनवर तुटक ठेवलेले बारीक पूल असत. शिसपेन्सिलीने त्यांवर रेघ ओढली की ग्राफाइटमधून वीज जायची आणि प्रोसेसरचा कुलूपबंद मल्टिप्लायर मोकळा व्हायचा. शाळेच्या कंपासपेटीतलं अवजार!

असं का जमायचं? एकाच वेफरवरच्या सगळ्या चिपा सारख्या उतरत नाहीत. एखादा कोअर सदोष निघाला, तर तो बंद करून चिप कमी किमतीला विकतात. पण स्वस्त चिपांना मागणी जास्त आली, की धडधाकट चिपांचेही कोअर बंद करून त्या विकल्या जातात. २००९च्या तीन कोअरच्या फेनॉम २मध्ये अनेकांना बायोसमधून चौथा कोअर जागा करता आला, तो यामुळेच. आता हे भाग कारखान्यातच कायमचे तोडले जातात. त्यामुळे छुपा खजिना मिळायचे दिवस जवळपास सरले.

रॅम: खिशातले पैसे, बायोसमध्ये अडकलेले

डीडीआर५-६००० असं लिहिलेली रॅम घरी लावली की बहुधा ४८००नेच चालते. वरचा वेग मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय स्वतः सुरू करावा लागतो. वर्षानुवर्षं ते न केलेले कितीतरी संगणक आहेत. आज घरी जाऊन बघाच.

१६ जीबीची एक काडी की आठ-आठच्या दोन? दोन. प्रोसेसर मेमरीशी दोन रस्त्यांनी बोलतो. एकच काडी लावली तर एक रस्ता ओसाड पडतो. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन काड्या प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. पुढे आणखी दोन घालू, असा बेत मात्र डीडीआर५मध्ये महागात पडू शकतो. रायझन ७००० मालिकेत दोन काड्यांना एएमडीने अधिकृत वेग ५२०० दिलाय, चार लावल्या तर ३६००. म्हणून लागेल तेवढी रॅम एकदम दोनच काड्यांत घ्यावी.

दुर्दैवाने २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली, की डिसेंबरमध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँडच बंद करणार असं जाहीर केलं. जुनी डीडीआर४ रॅम चांगली असेल, तर ती सांभाळून ठेवणारं अपग्रेड आज जास्त शहाणपणाचं आहे. एएम४वाल्यांनो, ऐकताय ना?

वॉट, व्हीए आणि वितळलेले प्लग

बजेट आवळलं की पहिली कात्री एसएमपीएसवर चालते. तिथे ती चालवू नका, कारण बाकीचे सगळे भाग त्याच्याच भरवशावर असतात.

एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवायचा मोह होतो, विशेषतः त्या कॅबिनेटमध्ये छान बांधून ठेवलेल्या असतील तर. कृपा करून तसं करू नका. मॉड्युलर केबलचं एसएमपीएसकडचं टोक दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये सहज बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते. १२ व्होल्ट भलत्याच तारेतून गेले, की हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जळतात.

आरटीएक्स ४०९०चा सोळा पिनांचा प्लग वितळल्याचे फोटो २०२२च्या ऑक्टोबरात जगभर फिरले. बऱ्याच प्रकरणांत प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. पुढे पिनांची लांबी बदलून प्लगची रचना सुधारली गेली. तरी असं कार्ड घेतलंत, तर खाचेचा आवाज येईपर्यंत प्लग दाबा आणि केबल तोंडाशीच वाकवू नका. काही ४०९० कार्डं ३५ सेंटिमीटरहून लांब आहेत, तेव्हा कॅबिनेट आधी मोजून घ्या.

दिवे जाणाऱ्या गावात यूपीएस हवाच. पण त्यावरचा ६०० हा आकडा व्हीएचा असतो. असा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. साध्या ऑफिस पीसीला तो पुरतो. एकट्या ४०९०ची मर्यादाच ४५० वॉट आहे, तिला तो कसा पुरणार?

चंद्रपूरचा मे महिना

परदेशी परीक्षणांतलं तापमान बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतलं असतं. कूलर हवेचा असो वा पाण्याचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो चिपला करूच शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल, तर परीक्षणातल्या आकड्यात सरळ पंधरा-वीस अंश मिळवायचे. एसएमपीएसची ‘८० प्लस’ चाचणीसुद्धा साधारण २३ अंशांत होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या गेमरने म्हणूनच काचेच्या बंद कॅबिनेटपेक्षा समोर जाळी असलेलं कॅबिनेट निवडावं. आरजीबी दिव्यांपेक्षा ती जाळी जास्त कामाची.

आणि हे फुकटात

१४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावर विंडोज कधीकधी तो ६० हर्ट्झवरच चालवत राहतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा बदला, म्हणजे दर १६.७ ऐवजी ६.९ मिलिसेकंदांनी नवं चित्र येईल. केबल मदरबोर्डाच्या नाही, कार्डाच्या पोर्टात आहे ना, हेही डोकावून बघा. आणि आरटीएक्स २०६० असेल, तर लगेच मोडीत काढू नका. एनव्हिडियाचं जानेवारी २०२५मध्ये आलेलं चित्र सुधारायचं नवं डीएलएसएस मॉडेल २०१८पासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. जुनी जीटीएक्स असेल, तर एएमडीचं एफएसआर तिच्यावरही चालतं.