जुन्या कायद्यानेच उघडलेले दार : स्पेनमधील १९७६चे सार्वमत

१५ डिसेंबर १९७६ रोजी स्पेनच्या मतदारांना एकच प्रश्न विचारण्यात आला : राजकीय सुधारणा कायद्याचा मसुदा मान्य आहे का? हुकूमशहा जनरल फ्रँकोच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. राजकीय पक्षांना अजून कायदेशीर मान्यता नव्हती आणि लोकांनी खुल्या निवडणुकीने निवडलेली संसदही नव्हती.

फ्रँकोच्या राजवटीला एकसंध राज्यघटना नव्हती. वेळोवेळी केलेल्या सात ‘मूलभूत कायद्यां’वर तिचा कारभार चाले. त्यांपैकी १९५८च्या कायद्यातील तत्त्वे तर ‘कायमची आणि अपरिवर्तनीय’ ठरवलेली होती. मात्र १९४७च्या वारसा कायद्यात एक वाट होती : ‘कोर्तेस’ या संसदेची संमती आणि त्यानंतर सार्वमत, एवढ्यावर मूलभूत कायदा बदलता येत असे. कोर्तेसचे अध्यक्ष तोर्क्वातो फर्नांदेस-मिरांदा हे कायद्याचे प्राध्यापक आणि राजे हुआन कार्लोस यांचे एके काळचे शिक्षक. ही वाट त्यांनी नेमकी हेरली. कायद्याकडून कायद्याकडे, कायद्याच्याच मार्गाने जायचे, असे त्यांचे सूत्र होते.

या सूत्राला कारण होते. लष्करातील अधिकाऱ्यांनी जुन्या कायद्यांशी निष्ठेची शपथ घेतली होती. विरोधकांना जुन्या राजवटीशी पूर्ण फारकत आणि हंगामी सरकार हवे होते. तसे झाले असते तर लष्कर स्वस्थ बसले असते, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. कायदा न मोडता कायदा बदलला, तर मात्र सेनापतींना हरकतीला जागा उरणार नव्हती.

जुलै १९७६मध्ये राजांनी आदोल्फो सुआरेस यांना पंतप्रधान नेमले. ते फ्रँकोच्या एकमेव अधिकृत राजकीय संघटनेचे सरचिटणीस होते, त्यामुळे लोकशाहीवाद्यांची निराशाच झाली. त्यांच्या सरकारने आणलेला मसुदा अवघ्या पाच कलमांचा होता. लोकशाहीत कायदा ही जनतेच्या सार्वभौम इच्छेची अभिव्यक्ती असते, असे पहिल्याच कलमात म्हटले होते. पुढे दोन सभागृहांची तरतूद होती : ३५० सदस्यांची काँग्रेस प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने आणि सिनेट बहुमताच्या पद्धतीने निवडायची. सिनेटमध्ये राजांनी नेमलेले काही सदस्यही असणार होते. नव्या राज्यघटनेची घोषणा त्यात कुठेच नव्हती. घटनात्मक सुधारणा कशा करायच्या, एवढेच सांगितले होते.

खरी कसोटी कोर्तेसमध्ये होती. तिथल्या सदस्यांना स्वतःच्याच संस्थेच्या अंतावर शिक्कामोर्तब करायचे होते. फर्नांदेस-मिरांदा यांनी तातडीची कार्यपद्धती लावून विधेयक समित्यांत अडकू दिले नाही. सुआरेस यांनी सदस्यांची एकेक करून मनधरणी केली. प्रत्येकाचे नाव पुकारून मतदान झाले, म्हणजे विरोध करणाऱ्याला तो उघडपणे करावा लागणार होता. १८ नोव्हेंबरला ४२५ मते बाजूने, ५९ विरोधात पडली आणि १३ जण तटस्थ राहिले. एखाद्या हुकूमशाहीच्या संसदेने शांतपणे स्वतःला संपवल्याचे असे उदाहरण इतिहासात विरळाच.

सार्वमताचा प्रचार मात्र समतोल नव्हता. दूरचित्रवाणी सरकारच्या ताब्यात होती. पक्षांना मान्यता नसताना होणारे सार्वमत मुक्त नाही, म्हणून समाजवादी व कम्युनिस्टांनी मतदान न करण्याचे आवाहन केले. हा आक्षेप रास्त होता. अतिउजवे ‘नाही’ म्हणा असे सांगत होते. त्यातच मतदानाच्या चार दिवस आधी एका सशस्त्र डाव्या गटाने राज्य परिषदेच्या अध्यक्षांचे अपहरण केले आणि सगळीकडे तणाव पसरला. तरीही सुमारे ७८ टक्के मतदारांनी मतदान केले. त्यांतील ९४ टक्क्यांहून अधिक मते होकाराची होती, तर नकाराची तीन टक्केही नव्हती. बास्क प्रदेशातील गिपुस्कोआ प्रांतात मात्र निम्म्याहून कमी मतदारच बाहेर पडले. तिथला हा दुरावा पुढेही टिकला.

या कौलामुळे दोन्ही बाजूंना आपली भूमिका बदलावी लागली. जुनी राजवट अजून लोकांना हवी आहे, असे अतिउजव्यांना आता म्हणता येईना. आणि सुआरेस यांना टाळून पुढे जाता येणार नाही, हे विरोधकांना कळले. वाटाघाटी सुरू झाल्या. ९ एप्रिल १९७७ रोजी कम्युनिस्ट पक्षाला मान्यता मिळाली, १५ जूनला १९३६नंतरची पहिली मुक्त निवडणूक झाली आणि निवडून आलेल्या संसदेने थेट नवी राज्यघटनाच लिहायला घेतली. ६ डिसेंबर १९७८च्या सार्वमतात ती मंजूर झाली. तिच्या शेवटी जुने कायदे रद्द करणारी तरतूद आहे. तिच्यात सर्वांत आधी रद्द केलेला कायदा म्हणजे १९७६च्या सार्वमताने मंजूर झालेला राजकीय सुधारणा कायदा.