खोबरेल थिजले म्हणजे बिघडले नव्हे

थंडी पडली की खोबरेलाची बाटली थिजते आणि भेसळीची शंका घरोघर निघते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठतेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की काम भागते. उलट बाकीचे गोठूनही वर पातळ थर राहिला, तर मात्र दुसरे तेल मिसळल्याचा संशय घ्यावा.

तोडणीच्या दिवसांत पाल्याने हात चरचरतात, टाचा फुटतात. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, टिपून, जरा ओलसर असतानाच खोबरेल चोळावे. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर तेलावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि भाजल्यावर तेल लावूच नका! आपल्याकडे ही खोड फार. तेलाने उष्णता आतच कोंडते. २० मिनिटे थंड पाण्याची धार धरा, बर्फ नको.

फणस कापताना विळीला, हाताला खोबरेल लावले की चीक चिकटत नाही, हे कोकणातल्या पाहुण्यांना विचारा. कोयताही धुऊन, कोरडा करून तेलाचा हात फिरवला तर गंजत नाही.

स्वयंपाकात चवीपुरते चालेल. पण त्यातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त असतो. घरात हृदयविकार असेल तर रोजच्या फोडणीला आम्ही शेंगदाणा वा करडईचेच तेल सुचवू.