वर्गातील वाचकमंडळ

एकच पुस्तक दहा मुलांनी वाचले, तरी प्रत्येकाच्या मनावर त्याचा ठसा निराळा उमटतो. एकाला त्यातील विनोद आठवतो, दुसऱ्याला एखाद्या पात्राचे दुःख विसरता येत नाही, तर तिसऱ्याला एखादी शंका सतावीत राहते. हे सारे ज्याच्या त्याच्या मनातच राहिले, तर त्याचा लाभ इतरांस होत नाही. म्हणून वाचलेल्या पुस्तकाविषयी चार जणांनी एकत्र बसून बोलावे, या हेतूने वर्गात वाचकमंडळ स्थापन करतात.

मंडळ फार मोठे नसावे. पाच-सहा मुले गोलाकार बसली, म्हणजे कोणालाही मागे लपता येत नाही. पुस्तकाच्या प्रती थोड्या असल्या, तर एकाने मोठ्याने वाचावे व इतरांनी ऐकावे. कोणता भाग वाचावयाचा, ते आठ दिवस आधी ठरवावे. येताना प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणावा. 'होय' किंवा 'नाही' एवढ्या उत्तराने संपणारा प्रश्न उपयोगाचा नसतो. एक जण अध्यक्ष होतो व सर्वांस पाळीपाळीने बोलू देतो. दुसरा टिपण ठेवतो. शिक्षक जवळच बसतात, परंतु उत्तर सांगण्याची घाई करीत नाहीत. जो मत मांडील, त्याने त्याचा आधार पुस्तकात दाखवावा, हा मंडळाचा मुख्य नियम होय.

जळगाव जिल्ह्यातील एखाद्या वर्गाने 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निवडले, अशी कल्पना करावी. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील असोदे या गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावर त्यांचे एक प्रसिद्ध गाणे आहे. पिलांसाठी झाडाला घरटे टांगणाऱ्या आईचे कौतुक त्यात केलेले आहे.

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे पाहिलेला एखादा मुलगा येथे शंका काढील : "खोपा तर नर विणतो. मग हे गाणे खोटे म्हणावयाचे काय?" त्याचे म्हणणे बरोबर आहे. गवताचे धागे आणून खोपा विणतो तो नरच. मादी तो पारखून पसंत करते. दुसरी एखादी मुलगी म्हणेल, "गाण्यात पक्ष्यांची माहिती सांगावयाची नाही, आईची माया सांगावयाची आहे." तिसरा म्हणेल, "दोन्ही गोष्टी ठाऊक असल्या, तर काय बिघडले?" अशा वेळी कोणाला गप्प करावयाचे नसते. पुन्हा पुस्तक उघडावे, ओळी वाचाव्या व गाणे नेमके काय सांगते ते पाहावे. मतभेद मिटला नाही, तरी प्रत्येकास ते गाणे पूर्वीपेक्षा अधिक कळलेले असते.

खानदेशात अशा मंडळाचा आणखी एक उपयोग आहे. येथील कित्येक मुलांच्या घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलतात. पुस्तकी मराठीत बोलताना चूक होईल व इतर हसतील, या भीतीने ती वर्गात मुकी राहतात. वस्तुतः त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. बहिणाबाईंची भाषा तर याच मातीतली आहे. 'घराला' याऐवजी 'घराले' का म्हणतात, हे कोशावाचून सांगू शकणारे मूल त्या दिवशी साऱ्या मंडळाचे शिक्षक होते. म्हणून कोणाच्याही बोलीला हसू नये, हा नियम अध्यक्षाने कसोशीने पाळावयाचा असतो.

टिपण ठेवणाऱ्याचे काम पुष्कळांस क्षुल्लक वाटते, परंतु ते तसे नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. दर रविवारी होणारी ती प्रवचने साने गुरुजींनी तेथेच लिहून घेतली, म्हणूनच ती ग्रंथरूपाने घरोघरी पोहोचली. बहिणाबाईंची गाणीही त्यांचे पुत्र कवी सोपानदेव व एक आप्त यांनी लिहून ठेवली होती. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती कोणी उतरून घेतली नसती, तर त्यांच्याबरोबरच लोपली असती.

वर्गातील टिपणवहीत एवढे मोठे काही नसेल. तरीही कोणी काय विचारले, कोणता आधार दाखविला आणि कोणता प्रश्न उलगडला नाही, हे तीत नोंदवावे. पुढच्या बैठकीचा आरंभ त्या न उलगडलेल्या प्रश्नापासून करावा. आजवर न बोललेल्या मुलाचे नाव ज्या दिवशी वहीत प्रथम लिहिले जाईल, त्या दिवशी मंडळाचे काम नीट चालले आहे, असे समजावे.