मतांतरांचे वाचन : ‘ज्ञानदेव एक की दोन’ या वादाच्या निमित्ताने

१

एम.फिल.च्या प्रबंधिकांतून आणि पीएच.डी.च्या प्रबंधांतून ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या नावाचे एक प्रकरण बहुधा आढळते. त्याची रचनाही ठरून गेलेली असते. अमुक अभ्यासकाने अमुक साली असे म्हटले आहे, तमुक अभ्यासकाचे मत याहून भिन्न आहे, अशी विधाने एकामागून एक येतात आणि शेवटी ‘या विषयावर विद्वानांत मतभेद आहेत’ असे नोंदवून प्रबंधकार पुढील प्रकरणाकडे वळतो. तेथून पुढे या मतांचा संबंध पुन्हा येत नाही. इतके वाचन झाले, पण त्या वाचनाने प्रबंधाचा प्रश्न कोठेही बदललेला नसतो.

याचे कारण केवळ आळस हे नव्हे. दुसऱ्याचे मत वाचायचे म्हणजे त्याचा निष्कर्ष टिपून घ्यायचा, अशी आपली समजूत झालेली आहे. निष्कर्ष ही मताची शेवटची पायरी होय. ज्या प्रश्नातून ते मत निघाले, ज्या पुराव्यावर ते उभे आहे आणि जे गृहीत धरून ते चालले आहे, त्या खालच्या पायऱ्या पाहिल्या नाहीत तर मत स्वीकारताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. त्याची फक्त नोंद करता येते.

आपल्या शास्त्रपरंपरेला ही गोष्ट ठाऊक होती. मीमांसकांनी अधिकरणाची जी पाच अंगे सांगितली, त्यांत विषय आणि संशय यांच्यानंतर व निर्णयाच्या आधी पूर्वपक्षाला स्थान आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळासह मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे जाता येत नाही, असा हा दंडक आहे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडून काढणे सोपे असते. परंतु त्यातून हाती येणारा सिद्धान्तही तितकाच दुबळा राहतो.

प्रस्तुत लेखात हा विचार एका परिचित वादाच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की भिन्न, हा तो वाद. मराठीच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेतील ‘टीप लिहा’ या प्रश्नापुरता ठाऊक असतो, आणि त्याचे ठरीव उत्तरही त्याला पाठ असते : दोन ज्ञानदेव मानणारे मत मांडले गेले, पण ते मान्य झाले नाही. उत्तर चुकीचे नाही. पण एवढ्यावर थांबणाऱ्याच्या हातून या वादातील सर्वांत उपयुक्त भाग निसटतो.

२

शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रातून हा प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा सांगता येईल. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी नाथपंथीय गुरुपरंपरा येते. तिच्या कर्त्याचा कल शैव-नाथ विचाराकडे आहे. या ग्रंथात विठ्ठलभक्तीचा उल्लेख आढळत नाही. उलट ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगगाथा विठ्ठलभक्तीने ओथंबलेली आहे. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी आहे, अभंगांची पुष्कळच अर्वाचीन वाटते. तेव्हा ज्ञानेश्वरी व अमृतानुभव लिहिणारे आपेगावचे ज्ञानदेव निराळे आणि अभंग रचणारे आळंदीचे विठ्ठलभक्त ज्ञानदेव निराळे, असे अनुमान त्यांनी काढले.

या मताला वारकरी परंपरेतून आणि विद्वानांकडूनही उत्तरे दिली गेली. पुढे रा. द. रानडे यांनीही महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावरील १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दोन ज्ञानदेवांची कल्पना स्वीकारली नाही. आज बहुसंख्य अभ्यासक ज्ञानदेव एकच मानतात. मात्र त्यांच्या नावावरील सर्वच अभंग त्यांचे असावेत, असे मानण्यास त्यांतील अनेकजण तयार नसतात. हे ‘मात्र’ कोठून आले, हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंचा युक्तिवाद शेजारी ठेवून वाचला पाहिजे.

भाषेचा मुद्दा घेऊ. भारद्वाजांच्या आक्षेपाला नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, ज्ञानेश्वरी पोथीत राहिली, अभंग मुखी राहिले. कीर्तनात, दिंडीत, भजनात शतकानुशतके गायिले जाताना प्रत्येक पिढीने त्यांना नकळत आपल्या भाषेचे वळण दिले. म्हणून अभंगांची भाषा नवी वाटते. त्यावरून कर्ता निराळा ठरत नाही. उत्तर समर्पक आहे. भाषेच्या आधारे दोन ज्ञानदेव सिद्ध होत नाहीत, हे त्याने दाखवून दिले.

परंतु या उत्तरासाठी जी किंमत मोजावी लागते, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. अभंगांची आजची भाषा तेराव्या शतकातील नाही हे एकदा मान्य केले की, त्याच भाषेच्या आधारे ज्ञानदेव एकच होते असेही सिद्ध करता येत नाही. ज्ञानेश्वरीतील एखादा शब्द अभंगात आढळला तर तो मूळचा आहे की ज्ञानेश्वरी नित्य वाचणाऱ्या कोणा गायकाच्या जिभेवरून आत आला आहे, हे सांगणे अवघड होते. ज्या शस्त्राने प्रतिपक्षाचा मुद्दा छाटला, त्यानेच आपलाही एक मुद्दा छाटला गेला. केवळ भारद्वाजांचे लेखन किंवा केवळ त्यांना दिलेली उत्तरे वाचणाऱ्याला हे दिसणार नाही. दोन मते एकमेकांशेजारी ठेवली तरच ते दिसते.

मौनाच्या मुद्द्याचेही असेच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे. कृष्णार्जुनसंवादाच्या चौकटीत पंढरीच्या विठ्ठलाचा उल्लेख यावाच, असे नाही. ग्रंथप्रकार बदलला की बोलण्याचा प्रसंगही बदलतो. म्हणून अनुल्लेखावरून कर्त्याची उपासना ठरवणे धोक्याचे आहे. हे मान्य केले, तर एक निकष आपोआप आपल्याही गळ्यात पडतो : एखाद्या ग्रंथात एखादी गोष्ट नाही, यावरून ग्रंथकाराला ती ठाऊक नव्हती किंवा मान्य नव्हती असे अनुमान आपणही यापुढे सहजासहजी काढू नये. संतवाङ्मयावरील प्रबंधांतून असे अनुमान किती सहज काढले जाते, हे मार्गदर्शकांना सांगावयास नको.

३

मग उरते समकालीनांची साक्ष. नामदेवांच्या नावावरील आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत ज्ञानदेवांचे चरित्र येते, आणि ज्ञानदेव एकच मानणाऱ्यांचा तो मोठाच आधार आहे. पण नामदेवांची गाथाही त्याच मुखपरंपरेतून आलेली आहे. शिवाय सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना तीत मिसळलेली आहे, ही गोष्ट अभ्यासकांना परिचित आहे. म्हणजे साक्षीदारालाही तीच कसोटी लावावी लागते. ज्ञानदेवांच्या अभंगांबाबत भारद्वाजांनी विचारलेला प्रश्न नामदेवांच्या अभंगांनाही विचारणे क्रमप्राप्त ठरते.

एवढेच नव्हे, तर ज्ञानेश्वरीची संहिताही आपण समजतो तितकी स्थिर नाही. ग्रंथ शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाला; एकनाथांनी त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये. मधल्या २९४ वर्षांत पाठभेद शिरले होते, म्हणूनच शुद्धीकरणाची गरज भासली. पुढे वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेल्या हस्तलिखिताच्या आधारे १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व संहिता असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी त्यांचे ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावरील लेखनही पुढे आले. राजवाड्यांच्या प्रतीबद्दलही शंका घेतल्या गेल्या. तरी १९६० च्या शासकीय आवृत्तीसाठी तीच संहिता आधारभूत धरली गेली.

येथे सनावळीचे महत्त्व लक्षात येते. भारद्वाजांनी लिहिले तेव्हा राजवाड्यांची संहिता प्रसिद्ध व्हावयाची होती. ‘ज्ञानेश्वरीची भाषा’ असे ते म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर असलेली ज्ञानेश्वरी आणि १९६० नंतरच्या अभ्यासकासमोरची ज्ञानेश्वरी अक्षरशः एकच नाही. अभंगांची भाषा ज्या मापाने मोजायची, ते मापच मध्यंतरी बदलले आहे. म्हणून १८९९ चे मत आणि १९७० चे मत एकाच परिच्छेदात, जणू दोघे एकाच बैठकीत बोलत आहेत अशा रीतीने मांडणे हा आढाव्यातील मोठा दोष होय. मत वाचताना त्याचे साल आणि त्याच्यापुढे असलेली संहिता, दोन्ही वाचली पाहिजेत.

या साऱ्यातून मूळ प्रश्नाचे रूपच पालटते. ‘एक की दोन’ असा प्रश्न असेपर्यंत अभ्यासकाला कोणत्या तरी बाजूला उभे राहावे लागते. पण ज्ञानदेव एकच असूनही त्यांच्या नावावरील काही अभंग इतरांचे असू शकतात, ही शक्यता दोन्ही पक्षांच्या पुराव्याशी विसंगत नाही. मग प्रश्न उरतो तो असा : कोणता अभंग, कोणत्या हस्तलिखितात, कोणत्या काळापासून ज्ञानदेवांच्या नावावर आढळतो? ही दोन मतांमधील तडजोड नव्हे. तडजोडीत दोन्ही बाजूंचे थोडे थोडे सोडले जाते. येथे दोन्ही बाजूंच्या आक्षेपांची पूर्ण ताकद मान्य केल्यामुळे अधिक नेमका प्रश्न हाती आला आहे. भारद्वाजांचा निष्कर्ष मान्य झाला नाही. मात्र एखादी रचना एखाद्या संताच्या नावावर लावताना आपण पुरावा कोणता देतो, ही त्यांची पृच्छा आजही उत्तर मागते आहे.

४

या उदाहरणावरून अभ्यासकाने काही पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते.

पहिले असे की, प्रतिपक्षाचे मत त्याच्या खंडनकाराच्या ग्रंथातून वाचू नये. खंडनासाठी घेतलेला उतारा हा खंडनाच्या सोयीचा असतो. जुनी नियतकालिके दुर्मिळ आहेत ही सबब पूर्वी खरी होती; आता त्यांतील पुष्कळ संगणकावर उपलब्ध झाली आहेत, आणि जी नाहीत त्यांसाठी ग्रंथालयाची पायरी चढण्याला पर्याय नाही.

दुसरे, टिपण करताना प्रत्येक मतासाठी चार रकाने आखावेत : प्रश्न कोणता, पुरावा कोणता, अनुमान कोणते आणि न सांगता गृहीत धरलेले काय. चौथा रकाना भरावयास सर्वांत कठीण. पण दोन मतांचा खरा विरोध बहुधा तेथेच असतो. नाथपंथी मनुष्य विठ्ठलभक्त असणे संभवत नाही, हे भारद्वाजांच्या मांडणीमागील न बोललेले गृहीत आहे. ते नजरेस आले की वाद ग्रंथकर्तृत्वाचा न राहता तेराव्या शतकातील संप्रदायांच्या सीमांचा होतो, आणि त्यासाठी निराळेच वाचन करावे लागते.

तिसरे, मत विद्यापीठीय नाही म्हणून ते टाकून देऊ नये. एकच अभंग दोन फडांत किंचित निराळ्या पाठाने कसा म्हटला जातो, कोणते कडवे कोठे गळते, हे जन्मभर भजन केलेल्या वारकऱ्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते. ज्ञानदेवांच्या एकत्वाविषयी त्याची श्रद्धा हा पुरावा नव्हे. मात्र मुखपरंपरेत पाठ कसे बदलतात याविषयीचा त्याचा अनुभव हा पुरावाच आहे. एकाच व्यक्तीच्या बोलण्यातील या दोन गोष्टी वेगळ्या करता येणे, यालाच वाचन म्हणावयाचे.

चौथे, सर्व मते सारख्याच मोलाची नसतात. बहुश्रुतता म्हणजे सर्वांना थोडे थोडे बरोबर ठरवणे नव्हे. पुरावा न देणारे मत पुरावा देणाऱ्या मताच्या पंक्तीला बसवले, तर पुरावा देणाऱ्यावर अन्याय होतो. वाचन कोठे थांबवावे याचेही एक गमक आहे : नवे वाचलेले जोवर आपला प्रश्न बदलत असते तोवर वाचावे, ते केवळ आपल्या यादीत भर घालू लागले की लिहावयास बसावे.

संतसाहित्याच्या क्षेत्रात या पथ्यांना विशेष महत्त्व आहे. येथे मताला लगेच भूमिकेचे नाव मिळते. शंका घेणारा अश्रद्ध ठरतो आणि परंपरेची बाजू मांडणारा भाबडा ठरतो. अशी नावे पडली की कोणी कोणाचे वाचत नाही. विद्यार्थी तर मार्गदर्शकाचे मत हेच आपले मत धरून चालतो, कारण त्यातच त्याला सुरक्षितता वाटते. मौखिक परीक्षेत प्रतिकूल मताविषयी प्रश्न आला की तो गोंधळतो. ते मत त्याने पाहिलेले असते, पण त्याच्याशी तो कधी बोललेला नसतो. ही सवय मोडण्याची जबाबदारी प्रथम अध्यापकांची आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारा एक तरी लेख विद्यार्थ्याच्या हाती आपण स्वतः ठेवला पाहिजे आणि त्याचे सार त्या लेखकाला मान्य होईल अशा शब्दांत लिहून आणावयास सांगितले पाहिजे.

ज्ञानेश्वरीच्या समारोपात ज्ञानदेव आपल्या वाटचालीचे वर्णन करताना व्यासांच्या मागोव्याने निघाल्याचे आणि भाष्यकारांना वाट विचारल्याचे सांगतात. हे भाष्यकार म्हणजे आद्य शंकराचार्य, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच ज्ञानदेवांनी अमृतानुभवात अज्ञानाचे सविस्तर खंडन करून आपला विचार स्वतंत्रपणे मांडला आहे. शंकराचार्यांशी त्यांचे नेमके नाते काय, यावर पुन्हा मतांतरे आहेतच. ती वाचकाने अवश्य वाचावीत. त्यांचा निवाडा कसाही झाला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. वाट विचारणाऱ्याला ती कोणाला विचारली हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही, आणि विचारल्यानंतर चालावयाचे आपल्याच पायांनी असते, हेही तो विसरला नाही.